पेटीतलं जुनं इंजिन पुन्हा रुळावर आणताना

वर्षानुवर्षं खोक्यात पडून असलेलं मॉडेल रेल्वेचं इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलरचा (रुळांना वीज देऊन वेग ठरवणाऱ्या डब्याचा) नॉब फिरवला आणि ते ढिम्म राहिलं, की पहिला संशय मोटारीवर जातो. बहुतेक वेळा मोटार निर्दोष असते. वीज रुळातून चाकात, चाकातून पत्तीत किंवा आसात, तिथून तारेत, तारेतून कार्बन ब्रशमध्ये (मोटारीच्या फिरत्या भागाला टेकणारे कार्बनचे छोटे तुकडे) आणि ब्रशमधून कम्युटेटरवर (त्या फिरत्या भागावरचे तांब्याचे तुकडे) जाते. मग अशाच वाटेने दुसऱ्या रुळाकडे परतते. यातला एक सांधा जरी काळवंडला तरी इंजिन चालत नाही. म्हणून दुरुस्ती नेहमी रुळाकडून मोटारीकडे करत जावी. उलट दिशेने सुरुवात करणारे लोक चांगल्या मोटारी उघडून बिघडवतात.

ही माहिती १२ व्होल्ट डीसीवर, दोन रुळांवर चालणाऱ्या ओओ आणि एचओ इंजिनांसाठी आहे. ओओ म्हणजे १:७६, ब्रिटिशांचं माप. एचओ म्हणजे १:८७, अमेरिका आणि युरोपचं माप. दोन्हींच्या रुळांमधलं अंतर मात्र एकच, १६.५ मिमी. त्यामुळे हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचं इंजिन बाखमन कंपनीच्या रुळांवर चालतं. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एसी इंजिनाचं तसं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची चाकं आसातून एकमेकांना विजेने जोडलेली असतात, त्यामुळे ते दोन-रुळी डीसीवर ठेवताक्षणी शॉर्ट होतं. पोटाखाली लांबट सरकती पट्टी दिसली, तर ते इंजिन डीसीच्या रुळावर ठेवूच नका.

प्लग खोचण्याआधी

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले संच आपल्याकडे बरेच आहेत, आणि त्यातला पहिला बळी इंजिन नसून रुळांना वीज देणारा पॉवर पॅक असतो. तिकडचा पॅक बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो खोचला, की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. मागच्या लेबलवर इनपुट किती लिहिलंय ते वाचा. १००–२४० असेल तर निर्धास्त लावा. फक्त १२० असेल तर २३० ते ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, किंवा सरळ २३० व्होल्टवर चालणारा कंट्रोलर घ्या. ब्रिटनमधून आलेल्या संचाला फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो.

एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर थेट रुळांना जोडण्याचा मोह टाळा. इंजिन रुळावरून घसरलं, की त्याची चाकं दोन्ही रुळांना शॉर्ट करतात. चांगला कंट्रोलर अशा वेळी वीज तोडतो. असा अडॅप्टर मात्र ५ अँपिअर ओतत राहू शकतो आणि त्यात चाकामागची पत्ती किंवा प्लास्टिकची चासी वितळते. ओव्हरलोड कट-आउट असलेला १ अँपिअरचा कंट्रोलर घरच्या वापराला भरपूर झाला.

हत्यारं

घड्याळजी वापरतात तसे बारीक पेचकस, टोकदार चिमटा, साधा मल्टिमीटर, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणि तिला जोडलेल्या दोन तारा, इअरबड, लाकडी टूथपिक आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. तेलासाठी शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, पण ते प्लास्टिकच्या बॉडीला आणि रबराला लागू देऊ नका. प्लास्टिकचे गिअर असतील तर प्लास्टिकला न खाणारं, मॉडेलसाठीचंच तेल घ्या. खोबरेल अजिबात नको: थंडीत ते थिजतं आणि मोटार जाम होते. गंज सोडवायचे फवारेही नकोत. ते उडून जातात, मागे चिकट थर ठेवतात आणि तो थर धूळ धरतो.

वीज कुठे अडते ते शोधणं

आधी रूळ. आयपीए लावलेल्या सुती फडक्याने पुसून काढा. पॉलिश पेपर वापरू नका. त्याचे ओरखडे उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण काळा मळ त्यांतच बसतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर रूळ कशाचे आहेत तेही पाहा. बाखमनच्या ई-झेड ट्रॅकमध्ये काळ्या बैठकीचे रूळ पोलादी असतात, करड्या बैठकीचे निकेल सिल्व्हरचे (तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू). पोलादी रूळ एका पावसाळ्यात गंजतात. तिथे पुसत बसण्यापेक्षा करडे रूळ घेतलेले बरे.

मग चाकं. इंजिन उलटं करून फोमवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. आयपीएत बुडवून पिळलेल्या इअरबडने चाकाची रुळावर टेकणारी कड घासा, बड काळा व्हायचा थांबेपर्यंत. आयपीए पेट घेणारा आहे आणि उघड्या मोटारीत ठिणग्या पडतात, म्हणून बाटलीचं झाकण लावून ती दूर ठेवा आणि सगळं वाळल्यावरच वीज द्या.

चाकांच्या मागे वीज घेणाऱ्या पातळ धातूच्या पत्त्या असतात. प्रत्येक पत्ती चाकाच्या मागच्या बाजूला हलकी टेकलेली हवी. चाक डावी-उजवीकडे सरकवून पाहा. चाक एका टोकाला गेल्यावर पत्ती सुटत असेल तर चिमट्याने अर्धा मिलिमीटर आत वाकवा. जास्त दाबली तर ती ब्रेकसारखी लागते आणि इंजिन कमी वेगात झटके देतं.

आता मल्टिमीटर. एक टोक चाकाच्या कडेला, दुसरं त्याच बाजूच्या ब्रशला. साधारण १ ओहमच्या आत आकडा यायला हवा. चाक फिरवत राहिल्यावर आकडा उडत असेल तर दोष पत्तीत किंवा आसाच्या बेअरिंगमध्ये आहे. आकडा येतच नसेल तर सांधे एकेक करून तपासत पुढे जा. शेवटी बॅटरीच्या दोन तारा थेट ब्रशना लावा. मोटार फिरली, तर तिला हात लावायचं कारण उरत नाही.

ट्राय-अँगची एक्स०४ मोटार

जुन्या ब्रिटिश इंजिनांत सर्वांत प्रेमाने जपली जातात ती ट्राय-अँगची. रोव्हेक्स या छोट्या कंपनीने १९५० साली मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीसाठी प्रिन्सेस एलिझाबेथ इंजिनाचा संच काढला. पुढे लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने ती कंपनी घेतली आणि ट्राय-अँग रेल्वेज उभी राहिली. १९६०च्या दशकात हॉर्नबीचं नाव याच घरात आलं. प्रिन्सेस आणि सहा चाकांची काळी टाकीवाली जिंटी ही दोन इंजिनं या छंदात शिकणाऱ्यासाठी सर्वोत्तम आहेत, कारण ती एका पेचकसाने पूर्ण उघडतात आणि मोटारीचे सुटे भाग आजही मिळतात. डोळ्यांसमोर उघडं आर्मेचर (मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग), वर दोन ब्रश, मागे चुंबकाचा ठोकळा: काहीही लपलेलं नाही.

ट्राय-अँगच्या या एक्स०४ मोटारीत दोन्ही ब्रशना एकच तारेची स्प्रिंग दाबून धरते. तिच्या एका पायावर पातळ इन्शुलेटिंग नळी असते. ती नळी या मोटारीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त हरवणारा भाग आहे. नळी नसेल तर स्प्रिंग दोन्ही ब्रश जोडते आणि शॉर्ट होतो. स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि कोणत्या बाजूला नळी आहे ते नोंदवा.

ब्रश बाहेर काढून पुसा. इतके झिजले असतील की स्प्रिंगचा दाब नीट पोचत नाही, तर जोडीने बदला. कम्युटेटर आयपीएच्या बडने चमकेपर्यंत साफ करा. मग त्याच्या तीन तुकड्यांमधल्या फटी पाहा. ब्रशची काळी भुकटी तिथे साचते आणि वीज एका तुकड्यातून दुसऱ्यात गळते. मोटार गरम होते आणि ओढ कमी पडते. ही भुकटी टूथपिकच्या टोकाने काढा, सुईने नको. सुईने तांब्याची कड उचलली जाते आणि ती कड ब्रश खाते.

तुकड्यांच्या तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक बराच वेगळा आला तर वळणाची तार तुटलेली आहे, आणि मग आर्मेचर बदलणंच शहाणपणाचं. कम्युटेटर आणि आर्मेचरचा आस यांच्यात मात्र आकडा येताच कामा नये.

चुंबकाबद्दल कडक सूचना: फ्रेममधून तो काढू नका. या जुन्या चुंबकाच्या दोन टोकांमधला लोखंडी रस्ता तुटला की त्याची ताकद घटते आणि तो पुन्हा जोडल्यावर परत येत नाही. थकलेल्या चुंबकाची खूण म्हणजे मोटार मोकळी असताना सुसाट फिरते, वीज जास्त खाते, चटका बसेल इतकी तापते आणि चार डबे जोडले की हरते. निरोगी एक्स०४ ओझ्याखाली साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेते. सतत त्याच्या वर जात असेल तर प्रथम चाकं-दांड्या मोकळ्या फिरतात का ते बघा, मग चुंबकाकडे वळा. त्यावर निओडायमियमचे छोटे चुंबक बसवण्याचा उपाय आता सर्रास केला जातो.

तेल: आर्मेचरच्या दोन्ही टोकांच्या फेल्ट चकत्यांना एकेक थेंब, आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढंच. वर्म गिअरला (मोटारीच्या आसावरच्या पेचासारख्या गिअरला) तेलाऐवजी चण्याएवढंही नको इतकं थोडं ग्रीस. कम्युटेटरवर तेल गेलं तर काळा चिखल होतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

टेंडरमध्ये मोटार असलेली हॉर्नबी

१९७०च्या दशकानंतरच्या हॉर्नबीच्या बऱ्याच मोठ्या इंजिनांत, फ्लाइंग स्कॉट्समन या प्रसिद्ध इंजिनाच्या मॉडेलमध्येसुद्धा, मोटार इंजिनात नसून मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशा-पाण्याच्या डब्यात आहे. यांत एका रुळाची वीज इंजिनाची चाकं घेतात, दुसऱ्याची टेंडरची, आणि इंजिनाची वीज जोडदांड्यातून मागे जाते. दांडा आणि खिळा काळवंडला की गाडी सरळ मार्गावर चालते, वळणावर थांबते. खिळा घासून उजळवा. कायमचा इलाज हवा असेल तर दांड्याला समांतर बारीक लवचिक तार सोल्डर करा, वळणासाठी थोडी सैल ठेवून.

टेंडरच्या चाकांवर रबरी कडी असते. ती कडक झाली की चाक जागच्या जागी फिरतं. नवी कडी चिमट्याने ताणू नका, चाकावर एका बाजूने बसवून फिरवत फिरवत चढवा. कडी असलेल्या चाकाला आयपीए कमीत कमी लावा.

अमेरिकी डिझेल

अथर्न या अमेरिकी कंपनीच्या निळ्या खोक्यातल्या जुन्या डिझेल इंजिनांत मोटारीच्या खालची क्लिप धातूच्या चासीला टेकते आणि वरून जाणारी लांब पट्टी दोन्ही ट्रकना, म्हणजे चाकांच्या बोगींना, जोडते. सगळे सांधे नुसते टेकलेले. गंज आला की दिवे लुकलुकतात आणि इंजिन मधेच दम सोडतं. दोन्ही ट्रकपासून मोटारीपर्यंत तारा सोल्डर केल्या, की इंजिनाचा स्वभावच बदलतो. खडबडीत चाकं काढून निकेल सिल्व्हरची बसवली तर मळही कमी धरतो.

चालताना ठरावीक अंतराने टक-टक होत असेल तर आसावरचा प्लास्टिक गिअर चिरलेला असतो. फेव्हिक्विकने तो जोडला तरी चीर उघडीच राहते, कारण आस आतून त्याला सतत फाकवत असतो. गिअर बदला.

तरीही घसरत असेल तर

आता चाकांचं माप. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. आजच्या रुळांसाठी ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी हवं. जुन्या ट्राय-अँगमध्ये ते कमी असतं आणि चाकांच्या, रुळाच्या आतून खाली उतरणाऱ्या कडा खोल असतात, म्हणून रुळांच्या सांध्यावर इंजिन उडी मारतं. कोड ७५च्या बुटक्या रुळांवर (कोड म्हणजे रुळाच्या उंचीचा आकडा) ते चालवायचा हट्ट धरू नका. कोड १०० वापरा, तिथे रुळाची उंची २.५४ मिमी असते. दांड्यांनी जोडलेली चाकं मात्र आसावरून ओढून सरकवू नका. दोन बाजूंच्या दांड्यांत ९०अंशांचा फरक ठेवलेला असतो. तो बिघडला की इंजिन लंगडतं.

वळणाची त्रिज्याही पाहा. हॉर्नबीचं पहिलं वळण ३७१ मिमीचं, दुसरं ४३८ मिमीचं. जिंटी पहिल्यावर खुशाल फिरते. आजची लांब इंजिनं किमान दुसरं मागतात. बाखमनच्या संचातलं १८ इंची वळण ४५७ मिमीचं असल्याने तिथे अडचण येत नाही.

दुरुस्तीनंतर मध्यम वेगात, डब्यांशिवाय, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. वर्तुळावर चालवत असाल तर मधेच इंजिन उचलून उलट तोंडाने ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं सारखी बसतात. दर दहा मिनिटांनी मोटारीजवळ बोट नेऊन उष्णता बघा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि इंजिन फोमऐवजी मऊ कागदात गुंडाळा. जुना फोम विरघळून रंगाला चिकटतो. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवलं, तर तेल घट्ट होत नाही आणि ब्रशही अडकत नाहीत.