नजर चुकवली म्हणजे खोटं? मुलाखत घेताना या चुका टाळा

मुलाखत घ्यायला बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो. उमेदवार बाहेर गेला की ठरलेला शेरा येतो, "डोळ्याला डोळा देत नव्हता, काहीतरी लपवतोय." ही समजूत जगभर आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, खोटं बोलणारा कसा ओळखता? सगळ्यात जास्त आलेलं उत्तर हेच : तो नजर चुकवतो. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी खरं-खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं असतं तरी 50 मिळालेच असते.

खाली गेलेली नजर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्यांसमोर वर तोंड करून बोलायचं नाही, हे ज्या घरात लहानपणापासून ऐकवलं जातं, तिथला मुलगा साहेबांच्या डोळ्यांत रोखून बघणार कसा? डिप्लोमा करून आलेला एक मुलगा आठवतो. नाव, गाव, "स्वतःबद्दल सांगा" इथपर्यंत नजर टेबलावरच्या फाईलवर. मग कुणीतरी त्याच्या प्रोजेक्टमधल्या गिअरबॉक्सबद्दल विचारलं. तो खुर्चीत पुढे सरकला, पेन मागून घेतलं आणि बायोडेटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दातांची आकृती काढत थेट समोर बघून बोलू लागला. "गणिताचा एम-थ्री पेपर राहिला होता का?" म्हटल्यावर नजर पुन्हा फाईलवर. उत्तर मात्र खरं दिलं, "हो सर, दोनदा."

शिवाय अवघड प्रश्नाचं उत्तर आठवताना माणूस समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढतोच. चेहरा वाचणं हेही डोक्याला कामच असतं. ते बाजूला ठेवलं की आठवायला सोपं जातं. उलट, सराईत थापाड्या तुमच्याकडे जरा जास्तच रोखून बघतो, कारण तुम्ही काय तपासणार हे त्यालाही ठाऊक असतं.

उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं

वर उजवीकडे पाहिलं तर खोटं, वर डावीकडे पाहिलं तर आठवण, असलं गणित व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांत अजून शिकवतात. 2012 मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. काही तथ्य निघालं नाही. विषय संपला.

डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या

म्हणजे रस वाटतोय, असं म्हणतात. तसं होतंही. पण 1964 च्या हेस आणि पोल्ट यांच्या प्रयोगात लोकांना तोंडी गुणाकार घातले तेव्हाही बाहुल्या रुंदावल्या, आणि गुणाकार जितका अवघड तितक्या जास्त. खोलीतला उजेड कमी झाला तरी तेच. खिडकीकडे पाठ करून बसवलेल्या उमेदवाराच्या बाहुल्यांवरून त्याची आवड ठरवायला जाऊ नका.

93 टक्क्यांचा मंत्र

"संवादातले 93 टक्के देहबोलीतून आणि आवाजातून" हे वाक्य अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन छोट्या प्रयोगांवरून आलं. तिथे सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो वापरले होते, आणि मोजलं होतं ते फक्त आवड-नावड. ते सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द मेहराबियनच सांगत आले. बाकी, 93 टक्के खरं असतं तर अनोळखी भाषेतला सिनेमा सबटायटल्स नसतानाही बऱ्यापैकी कळला असता.

प्रशिक्षण घेतलं की जमतं, असंही नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर 2007 पासून प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरणारे खास अधिकारी नेमले होते. जवळपास 90 कोटी डॉलर खर्च झाल्यावर 2013 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं, या पद्धतीला पुरेसा पुरावा नाही, निधी आवरा.

मग बघायचं काय?

बदल. आधी पाचेक मिनिटं गाव, प्रवास, कॉलेज असं साधं बोला. माणूस एरवी कसा बसतो, कुठे बघतो हे कळू द्या. नंतर एखाद्या प्रश्नाला अचानक अवघडला, तर तिथे काहीतरी आहे, एवढंच समजा. भीती, लाज, घरची अडचण, थाप, काहीही असेल. डोळे कारण सांगत नाहीत, त्यामुळे ते विचारावं लागतं : "त्या प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडे नेमकं काय होतं? बिघाड झाला तेव्हा आधी काय तपासलंत?" रचून सांगणारा अशा तपशिलात अडखळण्याची शक्यता जास्त.

व्हिडिओ कॉलवर तर नजरेचा नादच सोडा. समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे बघत असला तरी कॅमेरा वर असल्याने तो खालीच बघताना दिसतो.

आणि शेऱ्याच्या रकान्यात "नजर चुकवतो" असं लिहिण्याऐवजी कोणत्या प्रश्नाला अडखळला आणि पुढे विचारल्यावर काय म्हणाला, ते लिहा.