अलॉय व्हील धुताय? आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा

रविवारी कासला जाऊन आलो की सोमवारी सकाळी पुढची दोन्ही चाकं काळीकुट्ट, मागची मात्र बरी, असं आमच्या साताऱ्यात बऱ्याच गाड्यांचं होतं. यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून पॅड आणि डिस्क झिजतात, त्यातनं लोखंडाची बारीक पूड उडते आणि गरम असतानाच रिमवर जाऊन चिकटते, आणि ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर असतो म्हणून तीच जास्त काळी. वरनं पठाराची तांबडी माती. माती पाण्यानं जाते पण ही पूड जात नाही, आणि मग लोक ॲसिड मारतात.

माझंही तसंच झालं. एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली, पोरानं बाटलीतलं काहीतरी ब्रशनं फासलं, दोन मिनिटांत चाक चकाचक, मी पण खूश. पंधरा दिवसांनी बघतो तर नटांच्या भोवती पांढरट ढग आलेले, नख लावलं तर वरच्या लॅकरचा, म्हणजे रिमवरच्या पारदर्शक थराचा, पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून हातात आला. खूप वाईट वाटलं, कारण हे नंतर धुऊन जात नाही, रिम परत रंगवूनच घ्यावी लागते.

असं का होतं ते समजून घ्या. अलॉय व्हील म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियमच, तेव्हा घरातलं जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं आठवा. त्यात चिंच उकळली की ते उजळतं आणि सोडा उकळला की काळं पडतं. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर आपोआप धरतो आणि तोच त्याला सांभाळतो, पण हा थर साधारण पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे न्यूट्रल) ४ ते ९ च्या मधेच टिकतो. म्हणजे संडासचं ॲसिडही वाईट आणि कॉस्टिकवालं क्लीनरही तितकंच वाईट. चाकावर लॅकर असतं हे खरं, पण खडी लागून कुठंतरी टवका उडालेला असतोच, तिथनं आत शिरलं की ते लॅकरच्या खालून पसरत जातं.

आता धुवायचं कसं. चाक गार पाहिजे, हे पहिलं. घाटातनं आल्या आल्या पाणी मारू नका, तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी व्हायची भीती असते आणि शांपूही चाकावरच वाळून डाग धरतो. गाडी सावलीत लावा, एका वेळी एकच चाक घ्या, मडगार्डच्या आतला चिखल आधी पाडा नाहीतर धुतलेल्या चाकावर तोच परत पडतो. मग गाडीचा शांपू आणि मऊ ब्रश, नटांच्या खाचांना जुना टूथब्रश. तारेची घासणी आणि भांड्याची पावडर लांब ठेवा. चाकाची बादली आणि फडकं वेगळं पाहिजे, तीच लोखंडाची पूड बॉडीवर घासली की बारीक चरे पडतात.

तरीही काळे ठिपके राहिले तर आयर्न रिमूव्हर मिळतो, बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलंय का बघून घ्या. हातमोजे घालून कोरड्या, गार चाकावर मारा. दोनतीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात, ते लोखंड विरघळल्याचे. वास घाण येतो, चालायचंच, पण चाकावर वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुऊन टाका. डांबराचे ठिपके असतील तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, मऊ होऊन फडक्यानं निघतात. तेल डिस्कला लागता कामा नये, ब्रेक धरणार नाही.

बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसा, क्षारांचे पांढरे डाग उन्हात पक्के बसतात.

चाक लॅकरवालं आहे का नुसतं पॉलिश केलेलं, हे ओळखायला मेटल पॉलिशचा एक थेंब कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यानं चोळा. फडकं काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम. त्याला अधूनमधून मेटल पॉलिश लागतं. लॅकरवाल्याला ते लावू नका, त्याला वॅक्स किंवा सीलंट. पातळ हात मारायचा, जरा वाळलं की पुसायचं. वॅक्स महिना दोन महिने टिकतं, सीलंट त्याहून जास्त, सिरॅमिक कोटिंग आणखी जास्त पण खर्च मोठा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल करायला लागायच्या आधी एकदा, एवढं तरी कराच. पाणी चाकावर मोत्यासारखं न थांबता सपाट पसरायला लागलं की वॅक्स संपलं समजा.

टायर बदलताना पंक्चरवाल्याच्या शेजारी उभं राहा. टायर जिथं रिमला बसतो त्या कडेला पांढरी भुकटी धरलेली असते, तिथनंच हवा हळूहळू जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. ती कडा नीट साफ करून मगच टायर चढवायला सांगा.

आणि धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. गल्लीत एक चक्कर मारा, हळू वेगात दोनचारदा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क सुकते, नाहीतर रात्रीत तिच्यावर तांबडा गंज धरतो आणि सकाळी तोच उडून चाकावर बसतो.