गुहेत मुक्काम करायचा असेल तर आधी एवढी तयारी करा

मंडळी, ट्रेकमध्ये गुहा असेल तर सॅक भरायच्या आधी हे वाचा. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांचे सँपल घेतले होते, त्यात निपा या वाघळांतून माणसात येणाऱ्या जीवघेण्या व्हायरसच्या अँटिबॉडीज सापडल्या, म्हणजे त्या वाघळांचा कधीतरी या व्हायरसशी संबंध आलेला होता. याचा अर्थ तिथे गेलं की आजारी पडतो असा अजिबात नाही, पण निपावर अजून लस नाही, खात्रीचं औषध नाही आणि झालाच तर शंभरात 40 ते 75 जण दगावतात, त्यामुळे काळजी घ्यायचीच.

पहिलं म्हणजे मुक्कामाची जागा. छताला वाघळं लटकलेली दिसली, खाली काळी लेंडी पडलेली आहे, उग्र वास मारतोय, तर तिथे झोपायचं नाही, देवळात नाहीतर टेंट टाकून झोपा. युगांडातल्या पायथन केव्हमध्ये नुसती फिरायला गेलेली एक डच बाई 2008 मध्ये मारबर्ग नावाच्या दुसऱ्या जीवघेण्या व्हायरसने दगावली, तिथेही वाघळंच होती. आत डोकवायचंच असेल तर एन95 मास्क, फुल बाह्या, बंद बूट, आणि छताला हात लावायचा नाही. फ्लॅश मारून, फटाके फोडून वाघळं उठवायची नाहीत, हे मी कळकळीने सांगतोय, कारण घाबरली की ती अंगावर मुततात, आणि सतत त्रास झाला की त्यांच्या अंगातून व्हायरस जास्त बाहेर पडतो असं शास्त्रज्ञांना वाटतं.

खाण्याचं जास्त महत्त्वाचं आहे. 2025 मध्ये चीनच्या युन्नानमधल्या 142 वाघळांच्या किडन्या तपासल्या तर 20 नवे व्हायरस निघाले, त्यातले दोन निपाच्या जवळचे, आणि हे दोन ज्यांच्यात सापडले ती वाघळं गावाशेजारच्या फळबागांजवळची. माणसाला लागण झाल्याचं दिसलेलं नाही, पण किडनीत आहे म्हणजे लघवीतून फळावर येऊ शकतं, म्हणून झाडाखालचं दात लागलेलं जांभूळ, पेरू, आंबा खायचा नाही, कितीही गोड दिसला तरी. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून निपा वारंवार पसरलाय, त्यामुळे वाटेत कोणी उघड्या मडक्यातली ताडी, नीरा दिली तर नको म्हणा. पाण्याची बाटली झाकलेली, डबा झाकलेला, साबण सॅकच्या वरच्या कप्प्यात.

वाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा, जखम दिसत नसली तरी.

कुणी वाघळं मारायला निघालं तर थांबवा प्लीज. शेतातले किडे खाणारी, बिया पसरवणारी तीच आहेत.

परत आल्यावर तीनेक आठवडे ताप, डोकेदुखी, भ्रम, श्वासाला त्रास असं काही वाटलं तर डॉक्टरांना आधी गुहेचं सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.