पोह्यांवरची कोथिंबीर आता घरातल्या रॅकवर, पाणी मोजून

आमच्या इंदूरात नळ येतात एक दिवसाआड, आणि ती नर्मदाही तिच्या काठावरच्या जलूद गावाहून साधारण ७० किलोमीटर पंपांनी चढवत आणलेली. तेच पाणी मी कुंडीत ओतायचो आणि त्यातलं बरंचसं खालून गळून शेजारच्यांच्या गॅलरीत, वर त्यांची बोलणी पण मीच खायची. मग माती सोडली, आता पालक-कोथिंबीर नुसत्या खताच्या पाण्यात वाढवतो.

करायचं काय, तर एक लोखंडी रॅक घ्या, त्यावर घट्ट झाकणाचे ८-१० लिटरचे प्लास्टिकचे डबे. झाकणाला भोकं पाडून जाळीचे कप बसवा, कपात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बी. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून काळा रंग मारा, नाहीतर उजेडाने आत शेवाळ धरतं. झाकण फटीशिवाय बसायला हवं, डासांना तेवढीच जागा पुरते.

हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यातल्या शेतीचं, खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतं. दोन्ही घट्ट असताना एकत्र ओतू नका, आतलं कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. पाण्यात आधी ए, ढवळा, मग बी. पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, ५.५ ते ६.५. पाणी एसीच्या नळीचं गाळून घेतलं तरी चालतं, मी त्यात अर्धं नळाचं मिसळतो. आरओचं फेकायचं पाणी मात्र नको, त्यात क्षार फार, त्याने फरशी पुसा.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला लागेल एवढंच. रोप वाढतं तसं पाणी उतरतं आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळं हवा घेतात, म्हणून पाण्यात हवा सोडायची मोटर लागत नाही. आमच्या आईने मायेने एक डबा काठोकाठ भरला आणि चार दिवसांत सगळा पालक कुजला! फारच खाली गेलं तर थोडं घाला, वरची मुळं उघडीच राहू द्या.

खिडकी नसेल तर प्रत्येक खणाला २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब, टायमरवर १४ तास. महिन्याला एका ट्यूबचे साडेआठ युनिट होतात, म्हणजे पाणी वाचतं पण वीज लागते, हे आधीच सांगतो. म्हणून मी दोनच खण चालवतो, एक पालकाचा, एक कोथिंबिरीचा. धणे रगडून दोन फाका करून पेरा, उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर धीर धरा भिया.

काढणीनंतर डब्यात उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, दुप्पट साधं पाणी घालून तुळशीला द्या.