सेलमधला आकडा आणि दिसणारा आकडा : पगारपत्रक आपोआप तयार करताना आलेला अनुभव

बी.कॉम. झाल्यावर मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात लागलो. यंत्रमागावरच्या कामगारांचा पगार आठवड्याला होत असल्यामुळे हजेरी, विणलेला माल, उचल आणि कपाती यांचा मेळ दर शनिवारी दुपारपर्यंत बसवावा लागे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकून मी हे काम स्क्रिप्टवर, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामवर, सोपवले. हिशेब पहिल्याच आठवड्यात बरोबर आला; घोळ झाला तो फॉरमॅटिंगमध्ये, ज्याला मी तोवर निव्वळ रंगरंगोटी समजत होतो.

आमच्या बऱ्याच कामगारांचे बँक खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. कामगारांच्या यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) पायथनच्या पांडास लायब्ररीने वाचताना तो कॉलम संख्या म्हणून घेतला आणि पुढची शून्ये गळाली. त्यातच एका नव्या कामगाराचे खाते उघडायचे राहिले होते. त्या एका रिकाम्या रकान्यामुळे सगळा कॉलम दशांश संख्यांचा झाला आणि बँकेला द्यायच्या टेक्स्ट फाइलीत प्रत्येक क्रमांकामागे ‘.०’ चिकटले. फाइल अर्थातच परत आली. मी घाईने एक्सेलमध्ये तो कॉलम निवडून त्याला ‘टेक्स्ट’ फॉरमॅट दिला, पण गेलेले शून्य फॉरमॅट बदलून परत येत नाही, हे तेव्हा कळले. सेलमध्ये साठवलेले मूल्य वेगळे आणि त्याचे दिसणे वेगळे; फॉरमॅट फक्त दिसण्याला हात लावतो.

नवख्याने हा भेद आधी पक्का करावा. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे प्रत्येक सदस्याचा कायमचा क्रमांक, १२ अंकी असतो. तो संख्या म्हणून ‘जनरल’ या नेहमीच्या फॉरमॅटच्या सेलमध्ये गेला, तर मध्येच ‘ई’ असलेल्या घातांकी रूपात दिसतो. ते पाहून धडकी भरते, पण आतला आकडा शाबूत असतो आणि ‘0’ हा फॉरमॅट दिला की पूर्ण दिसतो. याउलट १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला, तर एक्सेल १५ अंकच अचूक ठेवत असल्याने शेवटचा अंक शून्य होतो, आणि ती चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. म्हणून ज्यांची कधी बेरीज करायची नाही, असे सर्व क्रमांक मी फाइल वाचतानाच मजकूर म्हणून घेतो, मजकूर म्हणूनच लिहितो आणि त्या सेलला ‘@’ हा, म्हणजे ‘टेक्स्ट’, फॉरमॅट देतो. मजकूर लिहिल्यावर ‘@’ कशाला, असे वाटेल. पण तो नसेल तर कोणी त्या सेलवर डबल क्लिक करून एंटर दाबले की क्रमांकाची पुन्हा संख्या होते. शिवाय ‘संख्या मजकूर म्हणून साठवली आहे’ असे सुचवणारा कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण पाहून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दाबणारा एक कर्तव्यदक्ष सहकारी प्रत्येक ऑफिसात असतोच. आमच्याकडचे अण्णा हे काम फार निष्ठेने करीत. शेवटी मी त्या कॉलमपुरती ही सूचना बंद केली.

तारखांचे थोडक्यात सांगतो. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. तारखेच्या जागी असा आकडा दिसला, तर फक्त फॉरमॅट गेलेला असतो. तारीख मात्र खरी तारीख म्हणूनच लिहावी, कारण ‘०३/०४’ असा मजकूर दुसऱ्या संगणकावर ४ मार्च म्हणून वाचला जाऊ शकतो.

मालकांची तक्रार निराळीच होती. एकूण रक्कम 1,234,567 अशी छापली गेली, तेव्हा त्यांनी बोटाने अंक मोजत विचारले, “हे बारा लाख की सव्वा लाख?” लाख-कोटींच्या स्वल्पविरामासाठी मी आता हा फॉरमॅट वापरतो :

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यात दोनच अटी घालता येतात, त्यामुळे लाखाच्या वरची ऋण रक्कम पुन्हा परदेशी पद्धतीनेच दिसते. म्हणून कपातीच्या कॉलममध्ये मी आकडे धन ठेवतो आणि वजाबाकी सूत्रात करतो.

बाकी सजावट, म्हणजे शीर्षक, रंग, कॉलमची रुंदी, छपाईचे क्षेत्र, कोडमध्ये लिहिण्याचा अट्टहास मी सोडला आहे. एक कोरा नमुना एक्सेलमध्येच हाताने नीट करून ठेवला आहे. ओपनपायएक्सएल ही एक्सेल फाइली हाताळणारी पायथनची लायब्ररी तो उघडते, आकडे भरते आणि नव्या नावाने जतन करते. त्या नमुन्यात चौकटी किंवा बाणांसारखे शेप्स ठेवू नयेत, कारण जतन करताना ते नाहीसे होतात. आमचे सहीच्या जागेचे लेबल असेच दोन आठवडे गायब होते. आणखी एक अडचण अशी की, संपूर्ण कॉलमला कोडमधून दिलेला फॉरमॅट आधीच भरलेल्या सेलना लागत नाही, त्यामुळे आकडा लिहितानाच त्या-त्या सेलला फॉरमॅट द्यावा लागतो.

आता फाइल तयार झाल्यावर स्क्रिप्ट ती पुन्हा उघडते आणि प्रत्येक खाते क्रमांक मूळ यादीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते. एक जरी क्रमांक जुळला नाही, तरी बँकेची फाइल तयारच होत नाही; स्क्रीनवर फक्त त्या कामगाराचा टोकन नंबर येतो.