घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी केअर होम बघायला जाताय? या चुका टाळा, आमच्याकडून झाल्यात

माझी आत्या इंदूरच्या सुदामा नगरला एकटी राहायची. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आता चोवीस तास माणूस लागेल. एक भाऊ पुण्याला, एक बंगलोरला, इंदूरात मी एकटी आणि माझीही नोकरी, तर मग आम्ही बायपासकडचं एक केअर होम बघून आलो, रविवारी सकाळी, फोन करून वेळ ठरवून. लॉन छान, दारात तुळस, हॉलमध्ये भजन चालू, आम्हाला पोहे-जिलेबी पण दिली. अर्ध्या तासात ठरवून टाकलं. चार महिन्यांनी आत्याच्या माकडहाडाशी रुपयाएवढी जखम निघाली आणि ती आम्हाला तिथल्या सिस्टरने नाही सांगितली, मी साडी बदलताना मला दिसली.

त्यानंतर आत्याला दुसरीकडे हलवलं आणि तेव्हापासून ओळखीतल्या कुणालाही जागा बघायची असली की मी सोबत जाते. जे शिकले ते इथे लिहितेय.

चूक पहिली: चालत्याफिरत्या लोकांना बघून ठरवणं

हीच सगळ्यात मोठी. आपल्याला हॉलमध्ये नेतात, तिथे कॅरम खेळणारे आजोबा असतात, आजी हसून बोलतात, आपल्याला बरं वाटतं. पण आपलं माणूस आज काठीने चालतंय ते दोन वर्षांनी पलंगावर असू शकतं, तेव्हा बघायचं ते तिथल्या सगळ्यात परावलंबी माणसाचा पलंग. सरळ विचारा की जे उठू शकत नाहीत ते कुठे आहेत, परवानगी घेऊन त्या खोलीत जा आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहा. वास येतोय का, पाण्याचा ग्लास हाताला लागेल असा आहे का की खिडकीत ठेवलाय, बेलचं बटण उशीपाशी आहे का, लघवीची पिशवी जमिनीला न टेकता पण कमरेच्या खाली लटकलीय का (वर ठेवली तर लघवी उलटी फिरते आणि इन्फेक्शन होतं), डायपर कधी बदललं हे कुणाला सांगता येतंय का.

एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) असला की आपण खूश होतो. त्याचा पंप चालू आहे का ते हात लावून बघा, चालू असला तर थरथर लागते. आणि एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. त्याचा चार्ट असतो, तो मागा. मी एकदा एका ठिकाणी दुपारी चार वाजता चार्ट बघितला तर त्यात संध्याकाळी सहाची आणि आठची सही आधीच झालेली होती, एकाच पेनने, एकाच हाताची. तिथून आम्ही लगेच निघालो.

बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात ओळखायची असेल तर टाच, खुबा आणि माकडहाड ही तीन ठिकाणं बघा. लाल झालेल्या जागी बोट दाबा, दाबल्यावर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर सुरुवात झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघा की बाजूच्या जागेपेक्षा गरम किंवा कडक लागतेय का.

चूक दुसरी: "नर्सिंग होम" पाटी बघून निश्चिंत होणं

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा दवाखाना, जिथे बाळंतपण आणि ऑपरेशनं होतात. त्याला मध्य प्रदेशात १९७३ चा उपचर्यागृहांचा कायदा लागतो, सीएमएचओ ऑफिसचं (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचं) रजिस्ट्रेशन लागतं. पण कुणी बंगला भाड्याने घेऊन म्हाताऱ्यांना ठेवतं आणि बाहेर काहीही पाटी लावतं, म्हणून पाटीवर जाऊ नका, कागद मागा. रजिस्ट्रेशन कशाचं आहे, कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेपर्यंत. सिस्टर म्हणतात ती जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे कोर्स) शिकलेली आहे का की कालपरवा कामाला लागलेली मुलगी आहे हेही विचारा. त्या मुलींचा काही दोष नाही, बिचाऱ्या मनापासून करतात, पण इन्सुलिन देणं आणि नळीने जेवण देणं शिकवल्याशिवाय येत नाही.

चूक तिसरी: दिवसा बघणं आणि रात्रीचं न विचारणं

रात्री दोन वाजता एका मजल्यावर किती माणसं जागी असतात? हा प्रश्न विचारला की उत्तरातच सगळं कळतं. "सगळे इथेच झोपतात जी" म्हणजे कुणी जागं नसतं. शक्य असेल तर संध्याकाळी साडेसात-आठला न सांगता जा, जेवणाची वेळ असते. भरवताना माणसाला बसवलंय की आडवं ठेवून चमचा घालतायत ते दिसतं. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो, जेवण झाल्यावर पण अर्धा तास तरी बसवून ठेवायला पाहिजे.

आणि सकाळी अकराला गेलात आणि सगळे झोपलेले दिसले तर विचारा, झोपेची गोळी कुणाकुणाला चालू आहे, कोणत्या डॉक्टरने लिहिली. शांतता म्हणजे चांगली व्यवस्था असंच नसतं.

कुलूप

याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय. विसरायचा आजार असलेली माणसं बाहेर निघून जातात म्हणून दार बंद ठेवावं लागतं हे मला मान्य आहे. पण चावी कुणाकडे, रात्री कुठे, आणि मागचं दार उघडतं का, की तिथे गाद्या आणि मोडके पलंग रचलेत? तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण जळून गेले, ते साखळीने बांधलेले होते. म्हणून पलंगाला ओढणीने हात बांधलेला दिसला तर "पडू नये म्हणून बांधलंय" हे उत्तर ऐकून घेऊ नका. आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर असतोच, त्याचा काटा हिरव्यात आहे का आणि रिफिलची तारीख निघून गेलीय का ते बघा, दोन सेकंदाचं काम आहे.

पडझडीची ठिकाणं

बाथरूममधला दांडा नुसता बघू नका, स्वतःचं वजन टाकून ओढून बघा, मी ओढला तेव्हा एक स्क्रूसकट हातात आला. रॅम्प असतो पण घसरगुंडीसारखा असतो, हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत बारीक दिवा पाहिजे.

चूक चौथी: "वय झालं, असं होतंच" हे मान्य करणं

माणूस अचानक बडबडायला लागलं, ओळखेनासं झालं, दिवसा झोपून रात्री जागायला लागलं, तर ते एक-दोन दिवसात झालेलं असेल तर म्हातारपण नाही, काहीतरी बिघडलंय. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही, आधी गोंधळ उडतो. सोडियम कमी झालं तरी असंच होतं, विशेषतः बीपीसाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील तर. शुगरवाला असेल तर ताबडतोब मशीनने बघा, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरला फोन करा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, या वयात तहान कमी लागते, तेव्हा "मागितलं तर देतो" चालणार नाही, ठरलेल्या वेळी पाणी द्यायला पाहिजे.

वजनाचं रजिस्टर मागा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो, तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. आधी बघा कवळी सैल झालीय का, कधीकधी तेही कारण असतं. इन्सुलिन कुठे ठेवतात तेही बघा, न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पैसे आणि कागद

डिपॉझिट किती परत मिळणार, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर सोबत कोण जाणार आणि बिल कोण भरणार, कोणत्या हॉस्पिटलला, सगळं लिहून घ्या. घर विकून किंवा नावावर करून द्यायची घाई कुणी म्हाताऱ्याला करत असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल रद्द करू शकतं.

गडबड दिसली तर

आयावर ओरडू नका, नंतर राग आपल्याच माणसावर निघायची भीती असते. फोटो काढा, तारीख लिहा, मॅनेजरला लेखी द्या आणि किती दिवसात सुधारणार ते लेखी घ्या, जखम असेल तर बाहेरच्या डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा. ऐकलं नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि मारहाण असेल तर सरळ ११२.

आणि भाषा, जी आम्ही विसरलो होतो

आत्या जन्मभर इंदूरात, हिंदी फर्राटेदार बोलायची. पण विसराळूपणा वाढला तशी हिंदी गेली आणि फक्त मराठी उरली. केअर होममधली आया झाबुआची, प्रेमळ मुलगी, पण मराठी न कळणारी. आत्या दुपारभर "तहान, तहान" म्हणत होती आणि ती मुलगी तिला थोपटत होती, तिला वाटलं दादी थक गई. मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं: तहान म्हणजे प्यास, दुखतंय म्हणजे दर्द, गरगरतंय म्हणजे चक्कर, शी म्हणजे लैट्रिन, गार वाजतंय म्हणजे ठंड. दुसऱ्या आठवड्यात गेले तर त्या मुलीने खाली स्वतःच्या पेनने अजून एक ओळ लिहिली होती: "नको" म्हणजे नहीं चाहिए.