आरपीजीचा ऑनलाइन ग्रुप वाढवताय? या चुका टाळा

डिस्कॉर्ड या चॅट-ॲपवर टेबलटॉप आरपीजीचा (टोळीने पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा) सर्व्हर, म्हणजे ग्रुप, उघडून आठवडा होत नाही तोच "मेंबर कसे वाढवायचे?" असं विचारणारे सतत भेटतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सध्या वाढवू नका. ते कुणालाच आवडत नाही, आणि चार महिन्यांनी तीच माणसं "सर्व्हर एकदम थंड पडलाय" म्हणत परत येतात.

मेंबर मोजणं, जीएम न मोजणं

ही चुकांची आई. टेबलटॉप आरपीजीच्या ग्रुपमध्ये येणाऱ्याला गप्पा नको असतात, खेळायचं असतं. खेळायला टेबल लागतं, टेबलाला जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, लागतो. एका टेबलावर चार-पाच प्लेअर बसतात, फार तर सहा. म्हणजे पन्नास जण आत घेतलेत तर निदान आठ-दहा जीएम हवेत. प्रत्यक्षात असतात दोन, आणि त्यातला एक सर्व्हरचा मालकच.

मी मॉडरेटर म्हणून हातभार लावत होते त्या एका सर्व्हरच्या मालकाने एका वीकेंडला दिसेल तिथे निमंत्रणाची लिंक टाकली. रविवार रात्रीपर्यंत "टेबल हवंय" चॅनेल दुथडी भरून वाहत होतं. एकाने आपल्या वॉरलॉक (जादूगार) पात्राची तीन पानी जन्मकथा टाकली होती, आजीच्या शापासकट. एकीने स्वतःच्या 'रोग' (चोर-लफंगा) पात्राचं चित्र काढून आणलं होतं. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न: "जीएम कोण आहे?" कुणीच नव्हतं. आमच्यातल्या एका भल्या माणसाला दया आली आणि त्याने एकदम तीन टेबलं अंगावर घेतली. सुरुवात झकास झाली. मग सेशन अर्धा तास उशिरा सुरू व्हायला लागलं, मग "आज जरा बरं नाहीये", मग एका सकाळी त्याचं नाव मेंबरच्या यादीतूनच गायब. तिन्ही कॅम्पेन्स, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी, अर्ध्या गुहेत अडकल्या. प्लेअरनी थोडे दिवस वाट पाहिली आणि तेही गेले. त्यावर मालकाने मला काय विचारावं? "आता नवे मेंबर कुठून आणायचे?"

माझी सवय अशी: वन-शॉट (एकाच सेशनमध्ये संपणारा खेळ) चालू असताना मी एकच गोष्ट बघते, दुसऱ्याला बोलायला जागा कोण देतंय. संपलं की त्याला खासगीत विचारते, "पुढचं तू चालवतोस का? मी प्लेअर म्हणून बसते." बरेच जण नाही म्हणतात, एखादा हो म्हणतो. त्याच्या हातात डी अँड डीची ('डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आरपीजीची) तीन जाड पुस्तकं देऊ नका, पळून जाईल. 'लेझर्स अँड फीलिंग्ज'चे सगळे नियम एका पानावर मावतात. तसलं काहीतरी द्या. नवा जीएम उभा राहिला की मगच मी लिंक पुन्हा उघडते, तीही त्याच्या टेबलावरच्या जागांपुरती. फार हळू होतं हे? होतं. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल लिंका वाटाव्यात.

यावर उपाय म्हणून हल्ली कुणीही 'वेस्ट मार्चेस' ही खेळायची पद्धत सुचवतं. गेम डिझायनर बेन रॉबिन्सची ती कल्पना सुरेख आहे: ठरलेला वार नाही, ठरलेली टोळी नाही, कुठे जायचं ते प्लेअरनी आपसात ठरवायचं आणि मग जीएमला कळवायचं. पण लोक त्यातला फक्त "प्लेअर कितीही चालतात" एवढाच भाग वाचतात. पुढाकार घेणारे प्लेअर नसतील तर पंचवीस जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

"शनिवारी रात्री आठला"

कुणाच्या आठला? ऑनलाइन टेबलावर तीन देशांतली माणसं असणं नेहमीचं झालंय, तरी वेळ लिहिताना सगळे आपल्याच भिंतीवरचं घड्याळ बघतात. आणि मार्च महिना तर हमखास दगा देतो. अमेरिकेत घड्याळ दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं, युरोपात शेवटच्या रविवारी, काही देशांत ते हलतच नाही. मधल्या दोन-तीन आठवड्यांत निम्मं टेबल तासभर आधी येऊन बसतं आणि "जीएम बेजबाबदार आहे" असं ठरवून निघून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा तोच तमाशा. डिस्कॉर्डवर टाइमस्टॅम्प टाकता येतो, तो ज्याला-त्याला आपापल्या वेळेत दिसतो. माझ्या सर्व्हरवर नुसता आकडा लिहिलेली घोषणा मी काढून टाकते. रागावतात लोक. रागावू देत.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्याच दिवशी तीस चॅनेल्स उघडणं. चार पुरतात, रिकामी चॅनेल्स बघून नवा माणूस आल्या पावली परत जातो.

अनोळखी लोकांसोबत थेट दीड वर्षांची कॅम्पेन काढणं. आधी वन-शॉट, मग तीन-चार सेशनची गोष्ट, मग बघू.

सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची बोलणी, गाळणं. कुठले विषय टेबलावर नकोत, कुठले आडून सूचित केले तर चालतील, हे आधी बोलून घ्यायला वीस मिनिटं लागतात. एक्स-कार्डची, म्हणजे नकोसा प्रसंग तिथेच थांबवायची, एखादी ऑनलाइन खूणही ठरवून ठेवा. "आपण काय लहान आहोत का" असं म्हणणाऱ्या प्लेअरवर मी विशेष लक्ष ठेवते, आणि बहुतेक वेळा ते कारणी लागतं.

चोरीच्या पीडीएफ वाटणं. गरजच काय? डी अँड डीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे, आणि पाथफाइंडर या आरपीजीच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस'वर फुकट आणि रीतसर वाचायला मिळतात.

एकाच गेमवर सगळा डोलारा उभा करणं. त्याच जानेवारीत डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या जुन्या ओजीएल परवान्याच्या जागी आणायच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला, तेव्हा फक्त डी अँड डी खेळणारे ग्रुप आठवडेच्या आठवडे भांडत बसले. ज्यांच्याकडे दुसरी दोन-तीन टेबलं होती ते खेळत राहिले. महिन्यातून एक वन-शॉट वेगळ्या सिस्टिमचं ठेवा, कुरकुर झाली तरी.

त्रास देणाऱ्याला "पण रोलप्ले भारी करतो" म्हणून सांभाळणं. एक जण राहतो आणि चार जण काही न बोलता जातात. गेलेल्यांना एकदा विचारून बघा, कारण कळेल.

सगळं एकाच जागी ठेवणं. एप्रिल २०१९ मध्ये गुगल प्लस हे सोशल नेटवर्क सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं, तेव्हा स्वतंत्र आरपीजी बनवणाऱ्यांचं मोठं वर्तुळ तिथेच जमलेलं होतं. वर्षानुवर्षांच्या चर्चा आणि हाउस रूल्स, म्हणजे आपापल्या टेबलापुरते केलेले नियम, विखुरले. महिन्याच्या शेवटी मी हाउस रूल्स, जगाचे नकाशे आणि सेशनच्या नोंदी बाहेर उतरवून घेते, आणि जीएम मंडळींचे ईमेल पत्ते त्यांना विचारून वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. प्लेअरचे पत्ते ठेवत नाही. जीएम सापडले की प्लेअर त्यांच्या मागोमाग येतातच.